मेलबर्नचा सहावा नंबर

रविवारी यवतेश्वरचा घाट पळून खाली आलो, तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये नव्याने आलेली मुलगी म्हणाली, "ताई, पळताना माझं तोंड इतकं वेडंवाकडं होतं, फोटो बघवत नाहीत." मी तिला टपरीवर चहा घेऊन बसवलं आणि एमिल झाटोपेक सांगायला लागले.

चेकोस्लोव्हाकियाचा हा माणूस पळायचा तेव्हा मान कललेली, जीभ बाहेर, चेहरा पिळवटलेला. बघणाऱ्याला वाटावं, आता कोसळतोय. आणि तोच १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णपदकं घेऊन गेला. मॅरेथॉन तर आयुष्यातली पहिलीच! वाटेत त्याने ब्रिटनच्या जिम पीटर्सला विचारलं, वेग फार होतोय का? पीटर्सने हूल दिली, उलट कमीच आहे. याने वेग वाढवला. पीटर्सला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. ५,००० मीटर जिंकला त्याच दिवशी त्याची बायको दाना हिने भालाफेकीत सुवर्ण मिळवलं. दोघांची जन्मतारीखही एकच, १९ सप्टेंबर १९२२.

यामागे होते ४०० मीटरचे तुकडे. एक जोरात, मग थोडं सावकाश, पुन्हा जोरात. असे वीस, चाळीस, पुढे तर दिवसाला शंभरपर्यंत. लष्करी बूट घालून, बर्फातसुद्धा. आम्ही मंगळवारी आठ मारतो आणि दमतो.

हेलसिंकीपर्यंत ऐकून ती गेली, घरी मूल उठायची वेळ झाली होती. पण मला तिला खरं सांगायचं होतं ते पुढचं.

१९५६, मेलबर्न. हर्नियाचं ऑपरेशन होऊन थोडेच आठवडे झालेले, तरी झाटोपेक मॅरेथॉनला उभा राहिला. जिंकला फ्रान्सचा आलँ मिमून. हा मिमून १९४८ आणि १९५२ मिळून तीन वेळा झाटोपेकच्या मागे रौप्यावर थांबलेला. शर्यत संपल्यावर तो आत गेला नाही. आपल्या मित्राची वाट बघत उभा राहिला. दुसरा आला, तिसरा आला, चौथा, पाचवा. सहावा झाटोपेक, पार गळून गेलेला. मिमूनने सांगितलं, मी जिंकलो. झाटोपेकने टोपी काढली, ताठ उभं राहून त्याला सलाम केला आणि मिठी मारली. मिमूनला ती मिठी पदकापेक्षा मोठी वाटली. मलाही झाटोपेकच्या साऱ्या कारकिर्दीत हा सहावा नंबरच सर्वांत प्रिय आहे. हे लिहितानाही घसा दाटतो.

१९६८ मध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा तो उघडपणे विरोधात बोलला. त्यापायी लष्करातली नोकरी गेली, आणि पुढची काही वर्षं घरापासून लांब अंगमेहनतीची कामं करावी लागली.

त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क प्रागला आला होता. विक्रमांमागून विक्रम त्याच्या नावावर, पण ऑलिंपिक सुवर्ण एकही नाही. निरोप देताना विमानतळावर झाटोपेकने त्याच्या हातात एक छोटं पुडकं ठेवलं, इथे उघडू नकोस म्हणाला. क्लार्कने ते विमान उडाल्यावर उघडलं. आत हेलसिंकीचं १०,००० मीटरचं सुवर्णपदक होतं.