सराफ्यात उपाशीपोटी जा : इंदूरमधली बॅचलर पार्टी

गोव्याचं नाव आधी निघालं होतं. पण नवरदेवाचं आजोळ इंदूरचं, रामबागेतलं. "लहानपणी मामा मला झोपेतून उठवून सराफ्यात न्यायचा," असं तो म्हणाला आणि गोवा तिथेच मागे पडलं. सराफा म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी पहाटे आम्ही आठ जण दोन गाड्यांनी नाशिकहून निघालो. धुळे, सेंधवा, खलघाटला नर्मदा आणि मग इंदूर, असा साधारण चारशे किलोमीटरचा आग्रा रोडचा रस्ता आहे.

पहिल्याच रात्री चुकलो. संध्याकाळी एका बारमध्ये बसलो आणि बिअरबरोबर पनीर टिक्का, मंचुरियन, मसाला पापड मागवत राहिलो. सराफ्यात पोचायला साडेअकरा झाले. समोर कढईत गराडू तळले जात होते, भुट्ट्याच्या किसाचा वास गल्लीभर होता आणि आमच्या पोटात घासभरही जागा नव्हती. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्या नवरदेवाने एक दहीवडा कसाबसा संपवला. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामींकडे जेवायला गेलो. मी तक्रार सांगायला लागलो तर त्यांनी पहिला प्रश्न केला, "संध्याकाळी काय खाल्लंत ते सांगा आधी." मग त्यांनीच शनिवारचा बेत आखून दिला. दाल-बाफले करायचे ठरले होते, ते रद्द केले. बाफला आधी पाण्यात उकडतात, मग भाजतात आणि वर तुपात बुडवतात. तो दुपारी खाल्ला तर रात्रीचं विसरा. आम्हाला मुगाची खिचडी, कढी आणि ताक मिळालं. चार वाजल्यानंतर कुणी काही खायचं नाही, असं मामींनी बजावलं.

पिण्याचं आधी सांगतो, कारण घोळ तिथेच होतो. महाराष्ट्रातून बाटल्या नेऊ नका. दारूचे नियम राज्यागणिक वेगळे असतात आणि सीमेवर पकडले गेलात तर आख्खा विकेंड त्यातच जाईल. मध्य प्रदेशात २०२३पासून अहाते, म्हणजे दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, बंद आहेत. तेव्हा परवाना असलेला बार किंवा आपली खोली, एवढेच पर्याय उरतात. खोलीत बसायचं असेल तर हॉटेलकडून आधी लेखी विचारून घ्या. आम्हाला फोनवर 'चालेल' म्हणणाऱ्या हॉटेलने ऐनवेळी नकार दिला. मेसेज असता तर बोलता आलं असतं. नातेवाइकांच्या घरी हा विषयच नको. मामा काही बोलले नसते, पण त्यांच्या देवघरासमोरून तसं जाणं आम्हाला कुणालाच बरं वाटलं नसतं.

शनिवारी साडेसहाला बसलो. माणशी दोन पेग, सोबत फक्त शेंगदाणे आणि भरपूर पाणी, आठला बंद. आमच्यातले दोघे पीत नाहीत, गाड्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे. तरी सराफ्यात रिक्षानेच गेलो, राजवाड्याजवळ गाडी लावायला जागा मिळत नाही.

दिवसा ही सोन्याचांदीची पेठ असते. सराफांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे ठेले लागतात. साडेनऊला पोचलो तर गरमागरम सगळं मिळतं आणि गर्दीही सोसवते. अकरानंतर आठ जण एकत्र उभे राहू शकत नाहीत. आमचा नियम एकच होता, आठ जणांत कुठल्याही पदार्थाच्या दोनच प्लेटी. आधी भुट्ट्याचा कीस, मग गराडू. गराडू हा कंद थंडीतच मिळतो. तळून वर जीरावन हा इंदुरी मसाला आणि लिंबू. नवरदेवाने त्याच्या तीन प्लेटी घेतल्या आणि नियम मोडल्याबद्दल कुणी त्याला बोललं नाही. जोशींचा दहीवडा नुसता खायचा नाही, बघायचाही. द्रोण हवेत उडवून झेलतात आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले टाकतात. एका मित्राची संकष्टी होती. त्याला चंद्रोदयानंतरही उपासाचंच खायचं होतं, त्याची सोय वाफेवरच्या साबुदाणा खिचडीने झाली. तिच्यावर वेगळा मसाला आणि फराळी चिवडा घालतात, घरच्या खिचडीची अपेक्षा ठेवू नका. गोडात मोठाच्या मोठा जलेबा, एक सगळ्यांत पुरला.

आणि शिकंजी. आपल्याला वाटतं लिंबाचं सरबत, पण इंदूरची शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, मठ्ठा, केशर, सुकामेवा. दाट आणि थंड. दारू प्यायलेल्यांनी ती त्याच रात्री घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या न पिणाऱ्या दोघांनी मात्र तिचे दोन-दोन ग्लास घेतले, आणि त्या रात्री सगळ्यात खूश तेच होते.

सराफ्यात बहुतेक सगळं शाकाहारी. अंडं-मटण हवं असेल तर न्यू पलासियातल्या छप्पन दुकानला जा, जॉनी हॉट डॉगचं अंड्याचं बेंजो, म्हणजे पावातलं ऑम्लेट, आणि मटण हॉट डॉग तिथे मिळतात. तिथेच विजय चाटचं खोपरा पॅटिसही आहे. ही सगळी संध्याकाळची कामं, त्यामुळे ती शुक्रवारीच उरकायला हवी होती.

द्रोण-कागद कचऱ्याच्या डब्यातच टाका. स्वच्छतेत देशात पुन्हा पुन्हा पहिलं आलेलं गाव आहे, आणि ठेलेवाले स्वतःच टोकतात.

रविवारी सकाळी पोहे-जिलबी. बडीशेप घातलेले, वाफेवर ठेवलेले पोहे, वरून शेव आणि जीरावन. रात्रीनंतर पोटाला एवढंच झेपतं. दाल-बाफले मामींनी डब्यात भरून दिले होते, ते चालकांनी गाडी थांबेपर्यंत उघडायचे नाहीत, असं ठरवून. परतताना धामनोदवरून महेश्वरला वळलो, घाटावर डबा उघडला. उरलेली बिअर आम्ही इंदूरलाच ठेवून आलो होतो. उज्जैन, ओंकारेश्वर आणि महेश्वरला १ एप्रिल २०२५पासून दारूविक्री बंद आहे, अहिल्याबाईंच्या घाटावर तसाही तिचा काही संबंध नव्हता.