पाटीपासून चित्रापर्यंत: आमची वाटचाल

आमचा स्टुडिओ लहान आहे. मी रंगवतो, बहीण ऑर्डरी, हिशेब आणि गिऱ्हाइकांशी बोलणं सांभाळते, आणि हाताखाली शिकणारी मुलं आहेत. सगळं काम एकाच गोष्टीभोवती फिरतं: हातानं रंगवलेल्या जुन्या पाट्या, त्यांवरची अक्षरं, अंक, बाण, चिन्हं, आणि त्यांतून आम्ही उभी करतो ती चित्रं.

सुरुवात अर्थातच पाट्यांपासून झाली. मी ज्या पेंटरांच्या हाताखाली शिकलो, ते ब्रश हातात द्यायच्या आधी खडूची दोरी मारायला शिकवायचे. मजकूर मोठा असेल तर कागदावर पूर्ण आकारात अक्षरं काढायची, रेघांवरून बारीक भोकं पाडायची, कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची. कागद काढला की ठिपक्याठिपक्यांत मजकूर उभा! मग काठीवर मनगट टेकवून, ब्रश न उचलता रेघ ओढायची. गोल अक्षर आखलेल्या रेघेच्या किंचित बाहेर काढायचं, नाहीतर ते शेजारच्यांपेक्षा बुटकं दिसतं. दोन अक्षरांतलं अंतर पट्टीनं मोजायचं नाही, मधल्या मोकळ्या जागेचा आकार डोळ्यानं तोलायचा. हे सगळं मी चित्रकलेच्या वर्गात नाही, शिडीवर शिकलो.

1980 च्या दशकात विनाइल, म्हणजे चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ कागदातून अक्षरं कापणारी, संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि जगभर या धंद्याचा पाया हलला. आम्ही स्टुडिओ काढला तेव्हा हातानं पाटी रंगवून घेणारे थोडेच उरले होते. यंत्र घ्यावं, असा सल्ला खूप जणांनी दिला. बहिणीनं हिशेब मांडून पाहिला आणि म्हणाली, "दादा, यंत्र सगळेच घेतायत. तुझा हात कुणाकडे आहे?" तिथून आम्ही कॅनव्हास आणि जुन्या फळ्यांकडे वळलो.

पहिली चित्रं विरत चाललेल्या भिंतींवरून आली. एकावर एक रंगवलेल्या दोन जाहिराती, वरची उडालेली, खालची अर्धी वर आलेली. जुन्या रंगात शिसं असायचं, म्हणून पुष्कळदा खालचं, जुनं अक्षरच जास्त टिकतं. एका शब्दाच्या पोटातून दुसरा शब्द डोकावतो, वाचता दोन्ही येत नाहीत, पण नजर हटत नाही. आम्ही असे थर मोजून, छाप घेऊन, रंग जुळवून चित्रात आणले.

पाटी आणि चित्र यांच्यात भिंत आहे असं मला कधीच वाटलं नाही. वातो या फ्रेंच चित्रकारानं 1720 च्या सुमारास पॅरिसमधल्या जेर्सें नावाच्या चित्रविक्रेत्यासाठी दुकानाची पाटी रंगवली. ती आज बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात आहे. अमेरिकन चित्रकार चार्ल्स डेमथनं 1928 मध्ये सोनेरी 5 हा आकडा रंगवला, तो अग्निशमन गाडीवरचा. रॉबर्ट इंडियाना या अमेरिकन चित्रकाराला न्यूयॉर्कच्या बंदराजवळच्या ओस पडलेल्या गोदामांत पितळेची जुनी स्टेन्सिलं, म्हणजे अक्षरं कापलेले साचे, सापडली आणि त्याच्या चित्रांत अक्षरं आली. रोझनक्विस्ट हा अमेरिकन चित्रकार तर आधी मोठमोठे जाहिरातफलक रंगवणारा कामगारच होता. आणि एडवर्ड कॅटिच! हा पाद्री तरुणपणी पाट्या रंगवायचा. रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभावरचा कोरीव लेख अभ्यासून त्यानं मांडलं की ती अक्षरं छिन्नी लागण्याआधी चपट्या ब्रशानं दगडावर रंगवली गेली होती. ब्रश हातात धरलेल्या माणसालाच हे दिसलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

आमचा एक नियम आहे आणि त्यापायी कामं सोडलीही आहेत. नवं चित्र आम्ही मुद्दाम जुनं करत नाही. सँडपेपर नाही, चहाचे डाग नाहीत, खोटा गंज नाही. एका कलादालनानं "जरा झिजवून द्या, लगेच विकली जातील" असं सांगितलं, तेव्हा चित्रं परत आणली. ज्या पेंटरनं ती पाटी रंगवली, त्यानं ती कोरी, चकचकीत, लांबून वाचता येईल अशीच रंगवली होती. झीज उन्हापावसाची आहे, त्याची नाही. विरलेली भिंत आम्ही चित्रात घेतो तेव्हाही प्रत्येक उडालेला तुकडा ब्रशानं, रंगानं काढतो. त्या पेंटरकडून घ्यायची ती त्याची शिस्त.

छायेचंच बघा. रोमन अक्षरांना पेंटर बहुधा डावीकडे आणि खाली छाया देतात, कारण बी, ई, एफ, आर यांची डावी बाजू सरळ असते. कमी रेघांत काम होतं. देवनागरीत उभा दंड बहुतेक उजवीकडे, म्हणून आम्ही छाया उजवीकडे टाकतो. अक्षर आणि छाया यांच्यामध्ये बारीक फट सोडतो. रंगाला रंग चिकटत नाही आणि अक्षर पाटीपासून सुटून पुढे येतं. शिरोरेघेखालच्या छायेचं काय करायचं, हा मात्र दर वेळी नव्यानं सोडवायचा प्रश्न असतो. ती सलग टाकली तर अक्षरांचे माथे जड होतात, म्हणून आम्ही दंडाशी तोडतो.

काचेवरचं सोनं बहिणीनं शिकून घेतलं. काचेच्या मागच्या बाजूनं, उलटं. जिलेटिनच्या पाण्यावर वर्ख सोडायचा. तो मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) साधारण दहाव्या हिश्श्याइतका पातळ, श्वासानंही उडतो. उचलायचा चपटा ब्रश आधी गालावरून फिरवायचा, त्वचेच्या तेलकटपणानं वर्ख त्याला धरतो.

सध्या बोट दाखवणाऱ्या हातावर मालिका चालू आहे. मध्ययुगीन युरोपातले वाचक हस्तलिखितांच्या समासात असा हात काढत. पुढे तो छापखान्यात आणि पाट्यांवर आला. बाही आणि तिचं बटण प्रत्येक पेंटर वेगळं काढतो, आणि आमचा जीव त्या बाह्यांवरच जडला आहे.

या मालिकेसाठी जुन्या पाट्या बघायला आम्ही कुठेही जातो. तुमच्याकडे एखादी पडून असेल तर कृपया ती धुऊ नका, ओल्या फडक्यानंही पुसू नका. जुना रंग वरून भुकटी होऊन सुटलेला असतो, आणि पुसताना पहिली जाते ती अक्षराची कड.