अंध धावपटूसोबत पळताना हात धरायचा का?

तुम्ही विचारलंत म्हणून. अंध खेळाडूंच्या शर्यतीला मदतनीस म्हणून येणारे बहुतेक जण हाच प्रश्न घेऊन येतात.

हात धरायचा नाही. दोघांच्या हातात मिळून एक छोटी दोरी असते, टेदर. जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्सच्या नियमाप्रमाणे ती सरळ केल्यावर ३० सेंटिमीटरपेक्षा लांब नसावी, आणि इलास्टिक चालत नाही. इलास्टिकमधून तुमच्या हाताचा इशारा उशिरा पोचतो. सरावाला बुटाची जाड सुती लेस उत्तम. दोन्ही टोकांना बोटं अडकतील एवढी कडी करा. नायलॉनची दोरी घामाने काचते.

मग पावलं जुळवायची. शाळेतली तीन पायांची शर्यत आठवा: आतले पाय एकदम, मग बाहेरचे पाय एकदम. म्हणजे दोरीचे हातही बरोबर हलतात. आधी चालत, मग हळू पळत. धावपटूच्या लयीशी तुम्ही जुळवून घ्यायचं, त्यांनी तुमच्याशी नव्हे. नवे गाइड, म्हणजे सोबत पळणारे मदतनीस, इथेच चुकतात: दम लागला की नकळत पुढे ओढतात किंवा मागे लोंबकळतात. ओढणं स्पर्धेत नियमबाह्य आहे. म्हणून गाइडचा वेग धावपटूपेक्षा बराच जास्त हवा. पळताना अख्खं वाक्य बोलता येत नसेल, तर त्या धावपटूचे गाइड होऊ नका.

बोलायचं काय? "सांभाळून!" हा शब्द सगळ्यात निरुपयोगी. कशापासून सांभाळायचं? "दहा पावलांवर गतिरोधक... तीन, दोन, एक, चढ." "उजवीकडे हलकं वळण." "डावीकडे खड्डा, माझ्याकडे या." आपल्या रस्त्यांवर हे सतत सांगावं लागतं. पाण्याचा पेला अर्धाच भरलेला घ्या, हाताच्या पाठीला टेकवा आणि "पाणी" म्हणा.

शेवटची रेषा धावपटूनेच आधी ओलांडायची. गाइड पुढे गेला तर धावपटू बाद. आणि तोवर दोरी सुटता कामा नये. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये स्पेनच्या एलेना काँगोस्ट मॅरेथॉनमध्ये तिसऱ्या येत होत्या. रेषा अगदी जवळ असताना गाइडच्या पायात गोळा आला, त्याला सावरायला त्यांनी क्षणभर दोरी सोडली आणि त्या वेळी त्यांना बाद ठरवलं गेलं. नियम कठोर वाटतो खरा. पण गाइडने आपल्या पायांची तयारी धावपटूइतकीच मनावर घ्यावी, ती यासाठी.

अंध क्रिकेटला मदत करणार असाल तर काम निराळं: गप्प राहणं आणि इतरांना गप्प ठेवणं. चेंडूत छर्रे असतात, त्यांच्या खुळखुळाटावरच खेळ चालतो. चेंडू 'डेड' झाला, म्हणजे त्या चेंडूवरचा खेळ थांबला, की मगच टाळ्या.

मैदानाबाहेर मात्र अंध व्यक्तीला दंड पकडून ढकलू नका. आपलं कोपर पुढे करा, ते धरतील. तुम्ही अर्धं पाऊल पुढे. खुर्ची दाखवायची तर त्यांचा हात पाठीवर, म्हणजे खुर्चीच्या पाठीवर, ठेवा. आणि जाताना "मी निघतोय" असं सांगा, नाहीतर माणूस रिकाम्या जागेशी बोलत राहतो.