तंबूतली रात्र आणि सीपॅपची वीज

तंबूतल्या माझ्या पहिल्याच मुक्कामात रात्री अडीचच्या सुमारास इन्व्हर्टरची शिट्टी वाजली आणि पाठोपाठ सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र, बंद पडले. मास्क चेहऱ्यावर तसाच होता, पण आत येणारी हवा थांबल्यामुळे जीव घुसमटला आणि मी तो ओढून काढला. स्लीप ॲप्नियामुळे मशीनशिवाय डोळा लागला की माझा श्वास वारंवार अडतो, म्हणून उरलेली रात्र मी बसून काढली. बॅटरी नवी होती आणि तिच्यात काहीही बिघाड नव्हता. हिशेब मात्र मी केलेला नव्हता.

घरी परतल्यावर मी प्लगमध्ये लावायचा वीजमापक आणला आणि सलग काही रात्री मशीनचा प्रत्यक्ष वापर मोजला. अडॅप्टरवर ९० वॅट असे छापलेले आहे, पण ती त्याची कमाल क्षमता आहे. मशीन मला ज्या दाबाने हवा देते तो १० सेंटिमीटर पाण्याचा आहे (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात). ह्युमिडिफायर, म्हणजे पाणी तापवून हवेला ओलावा देणारा भाग, आणि गरम होणारी नळी बंद ठेवली तेव्हा आठ तासांना सुमारे ६५ वॅट-तास पुरले. दोन्ही चालू केल्यावर तोच आकडा ३०० च्या पुढे गेला. हवा ढकलणारी मोटर थोडक्यात भागवते. वीज खरी खर्च होते ती पाणी आणि नळी तापवण्यात. मास्क नीट बसला नाही आणि हवा गळत राहिली तरीही वापर वाढतो, त्यामुळे प्रत्येकाने आपल्याच मशीनवर, आपल्याच दाबाला मोजमाप करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

विजेची दुसरी गळती इन्व्हर्टरची होती. तो बॅटरीतल्या १२ व्होल्ट डीसी विजेची एसी करतो आणि मशीनचा अडॅप्टर तिची पुन्हा २४ व्होल्ट डीसी करतो. या दोन्ही टप्प्यांत ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. मशीनच्या कंपनीने सुचवलेला डीसी कन्व्हर्टर थेट १२ चे २४ व्होल्ट करतो. काही मशीन मुळातच १२ व्होल्टवर चालतात, म्हणून खरेदीपूर्वी मशीनच्या तळाशी छापलेला आकडा वाचलाच पाहिजे.

बॅटरीची क्षमता नेहमी वॅट-तासांत पाहावी. २०,००० मिलिॲम्पिअर-तासांची पॉवर बँक ऐकायला भरभक्कम वाटते, पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ती जेमतेम ७४ वॅट-तासांची ठरते. मी १२.८ व्होल्ट आणि २० ॲम्पिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. तिच्यात २५६ वॅट-तास मावतात. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर खराब होते, शिवाय ती वाहून नेणे जिकिरीचे असते. लिथियम बॅटरी मात्र शून्य अंशाखाली चार्ज करू नये, हे सौर पॅनेल वापरणाऱ्यांनी थंडीत विसरू नये.

वीज वाचवण्यासाठी दाब कमी करण्याचा मोह होतो, पण तो डॉक्टरांनी ठरवलेला उपचार आहे आणि त्याला परस्पर हात लावू नये. उष्णता बंद करणे निराळे. ह्युमिडिफायरच्या भांड्यात पाणी ठेवले तर न तापवताही हवेला थोडा ओलावा मिळतो. थंड रात्री नळीत पाण्याचे थेंब साचतात आणि कुशीवर वळताच मास्कमध्ये गुळगुळ असा आवाज येऊ लागतो. यासाठी मी नळी पांघरुणाच्या आतून घेतो आणि मशीन डोक्यापेक्षा खालच्या, सपाट जागी ठेवतो, मात्र त्याची हवा घेण्याची जाळी मोकळी राहील अशा बेताने. तंबूत शेगडी किंवा तंबूजवळ जनरेटर मुळीच चालवू नये, कारण मशीन आजूबाजूचीच हवा नाकात सोडते आणि त्याचा फिल्टर धूळ अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही.

पुढच्या मुक्कामाआधी मी घरीच एक रात्र पूर्णपणे बॅटरीवर झोपलो. त्यानंतर तंबूत सलग दोन रात्री काढल्या. दुसऱ्या पहाटे जाग आली तेव्हा मशीन संथपणे चालू होते, कन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागलेला होता आणि बॅटरी अजून निम्मी शिल्लक होती.