कोपराला लावलेली झोप

रात्रीचे साडेनऊ वाजले की आमच्याकडे कोपराची मागणी सुरू होते. चिरंजीव पावणेदोन वर्षांचे आहेत. झोळी सहाव्या महिन्यातच नामंजूर झाली. अंगाई म्हटली तर तोंडावर हात ठेवतात. गोष्ट सांगितली तर उठून बसतात आणि स्वतःच माऊची गोष्ट सांगायला लागतात. त्यांना लागतं ते कोपर. म्हणजे हात सरळ ठेवला की कोपराच्या मागे सैल, सुरकुतलेली कातडी जमा होते ना, ती. ती चिमटीत धरायची, कणकेच्या गोळीसारखी मळायची, मध्येच सोडायची, पुन्हा हुडकायची. मळण्याचा वेग मंदावला की समजायचं, झोप उंबऱ्यापर्यंत आली.

हात जरा वाकवला तर कातडी ताणली जाते आणि लगेच ‘ऊंऽऽ’ होतं. म्हणून मी हाताची काठी करून पडून राहते. थंडीतही लांब बाह्यांना बंदी.

घरातली सगळी कोपरं तपासून झाली आहेत. बाबांचं पहिल्याच रात्री नापास झालं. दिवसभर टेबलावर टेकून टेकून त्याची टाच झालीये. आत्या क्रीम लावते, त्यामुळे तिचं चिमटीतून निसटतं. माझं आपलं ठीकठाक, रोजच्या वापराचं. पण खरं कोपर आजीचं! सासूबाई कऱ्हाडहून आल्या की माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. “जन्मभर धुणीभांडी केली, कोपराचं कौतुक आत्ता होतंय,” म्हणत त्या हात पुढे करतात. त्या परत जायला निघाल्या की मी फार आग्रहाने थांबवते. त्यात माया किती आणि कोपर किती, हे त्यांनाही कळत असणार.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप हवी म्हणतात. तेवढी हा घेतो, तक्रार नाही. पण लहान मुलांच्या झोपेचं आवर्तन साधारण तासाभराचं असतं आणि मोठ्यांचं दीड तासाच्या आसपास. त्यामुळे आमचं कधी जुळतच नाही. मी नेमकी खोल बुडालेली असते आणि अंधारात एक हात चाचपडत येतो, खांदा, गळा, नाक असा चुकत चुकत मुक्कामाला पोचतो. कोपराला गूळ लावणं म्हणजे काय, हे मला या पावणेदोन वर्षांत नीट समजलं. दिसते, पण तोंडी लागत नाही, अशी ती माझी झोप!

मागच्या महिन्यात आम्ही पुण्याहून एसटीने कऱ्हाडला निघालो. माझं अर्धं तिकीट, त्याचं काहीच नाही, त्यामुळे जागाही माझी मांडीच. शेजारी एक काकू होत्या. खंबाटकीच्या पुढे याला पेंग आली. हात शोधायला निघाला आणि माझं कोपर ओलांडून थेट काकूंच्या कोपरावर जाऊन थांबला. मी ओशाळून हात काढायला गेले, तर त्या म्हणाल्या, “असू दे गं. माझा कानाची पाळी धरायचा. आता मिलिटरीत आहे.”

सातारा गेलं, काकू हलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतला डबासुद्धा उघडला नाही. उंब्रज जवळ आलं तशी त्यांनी त्याची चिमूट अलगद सोडवली आणि माझ्या कोपरावर आणून ठेवली. त्याने डोळे न उघडता दोनदा चाचपलं. कपाळावर आठी पडली. मग, आता दुसरं काही नाहीच म्हटल्यावर, मळायला सुरुवात केली.