श्योनेवाइडची तेरा क्रमांकाची बराक

बर्लिनच्या आग्नेयेला श्योनेवाइड भागात नाझी राजवटीतील वेठबिगारीचे दस्तऐवज केंद्र आहे. ते सोमवारी बंद असते, ही गोष्ट मला फाटकासमोर उभा राहिल्यावर कळली, म्हणून वाचकांनी मंगळवार ते रविवार यांपैकी दिवस निवडावा. आलेक्झांडरप्लाट्झहून एस-९ ही लोकल थेट श्योनेवाइडला जाते, तेथून दहा-पंधरा मिनिटे चालावे लागते आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. चारी बाजूंना राहती घरे आणि मधोमध त्या काळच्या वेठबिगार छावणीच्या बैठ्या, पक्क्या बांधणीच्या बराकी. समोरच्या खिडक्यांतून हे सारे दिसत असणार, हा विचार तेथे पाठ सोडत नाही.

येथे ठेवलेल्यांमध्ये इटालियन सैनिकही होते. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शस्त्रसंधी जाहीर होताच जर्मनीने कालच्या मित्रसैन्याला निःशस्त्र केले. जर्मनांच्या बाजूने लढण्यास नकार देणारे सुमारे साडेसहा लाख सैनिक छावण्यांत आणि तेथून कारखान्यांत व खाणींत पाठवले गेले. त्यांना ‘युद्धकैदी’ न म्हणता ‘लष्करी स्थानबद्ध’ म्हटले गेले. हा फरक वरवर कागदी वाटतो, परंतु १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्यांना शस्त्रनिर्मितीला जुंपता येत नव्हते आणि रेडक्रॉसला त्यांची विचारपूस करता येत होती. नाव बदलल्यामुळे दोन्ही अडचणी दूर झाल्या. १९४४ च्या उन्हाळ्यात तर त्यांना ‘नागरी कामगार’ ठरवण्यात आले. काम मात्र तेच राहिले.

पुढे २००० नंतर जर्मनीने वेठबिगारांना भरपाई देण्यास सुरुवात केली, तेव्हा या सैनिकांचे अर्ज फेटाळताना कारण दिले गेले की ते युद्धकैदी होते, आणि युद्धकैद्यांना भरपाई लागू नाही. मी तो मजकूर दोनदा वाचला.

या सैनिकांवरील कायमस्वरूपी प्रदर्शनासाठी दीड तास तरी राखून ठेवावा. मजकूर इंग्रजीतही आहे. तेरा क्रमांकाची बराक मात्र मार्गदर्शकासोबत पाहावी लागते, त्यामुळे फेरीची वेळ आधी विचारून घ्यावी. तिच्या तळघरात, हवाई हल्ल्यांच्या वेळी आसरा घेणाऱ्या इटालियनांनी भिंतीवर लिहिलेली नावे आणि तारखा अजून वाचता येतात. ती वाचायला वाकावे लागते आणि मागचे लोक खोळंबतात, म्हणून शक्यतो रांगेच्या शेवटी राहावे.