पणजीचं नाव शोधताना

आमची वंशावळ चुलत्यांनी कधीच काढून ठेवली आहे. जातीच्या दाखल्याला लागली होती. बापाखाली मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे. अख्ख्या कागदावर एकही बाई नाही! ते मला सहन होईना. म्हणून कळव्याच्या घरी बसून मी पणजीपासूनच सुरुवात केली.

आधी मुरबाडच्या आत्याला गाठलं. पंच्याऐंशी ओलांडलीय, पण कुणाची सोयरीक कुठे झाली ते तोंडपाठ. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून विचारलं, "आत्या, तुझ्या आजीचं नाव काय गं?"

"तिला सगळे आईच म्हणायचे. नाव कोण घेणार? माहेर शहापूरकडचं, एवढं खरं."

मग कागदांकडे वळले. शाळेच्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्यात आजोबांची जन्मतारीख मिळाली. तिच्यावरून तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या (गाव नमुना १४), नकलेचा अर्ज दिला. नक्कल मोडीत. मोडी वाचकांनी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचून दाखवलं: तारीख, पणजोबांचं नाव, जात आणि पुढे नुसतं 'मुलगा'. आडनाव नाही, बाळाचं नाव नाही, आईचं तर नाहीच. अशा नोंदीतला माणूस आपलाच का, हे बाप-आज्याच्या नावांवरूनच ठरतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारून घ्यायचं ते याचसाठी.

पणजी सापडली फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदीत. ठाणे जिल्ह्याचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर तालुका, गाव निवडून बघता येतात. (गाव जव्हार-वाड्याकडचं असेल, तर २०१४ पासून तो पालघर जिल्हा.) १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना वारसहक्क दिला आणि पणजोबा त्यानंतर वारले. त्यामुळे वारस नोंदीत मुलग्यांच्या खाली मुली, त्यांच्या सासरच्या नावांनी. आणि शेवटच्या ओळीत 'विधवा पत्नी' म्हणून पणजी. शाई फुटली होती, तरी नाव स्पष्ट लागलं. मी लगेच आत्याला फोन लावला.

"अगं, म्हणून आमच्या थोरलीचं तेच नाव ठेवलं होय!"

आता तिचं माहेर शोधायचंय. त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये गाव आणि आडनावावरून नामावळीच्या वह्या, म्हणजे आलेल्या यजमानांनी आपल्या घराण्याची नावं लिहून दिलेल्या वह्या, काढून दाखवतात. आजोबा आईचं श्राद्ध करायला तिथे गेले होते, असं आत्या सांगते. त्यांनी वहीत आजोळ लिहून दिलं असेल, तर शहापुरातलं गाव कळेल.